कडेचं गवत

गेल्या जुलैत लायब्ररीपासून ग्रोटोपर्यंतच्या उतारावर जे गवत लागलं आणि दहा दिवसांत वाहून गेलं, ते निवडणारी मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे शहाणपण सांगणार आहे ते मी कुणाच्या पैशावर शिकले, हे वाचणाऱ्याला कळेल.

तेव्हा मी निसर्ग मंडळाची सेक्रेटरी होते. गॅदरिंगला खाऊचे स्टॉल लावून आम्ही साडेअकरा हजार रुपये जमवले होते. उताराच्या दोन्ही बाजूंच्या वाफ्यांना कड म्हणून विटा होत्या. तिरक्या पुरलेल्या, एकीला गेरू, एकीला चुना, आणि त्यातल्या निम्म्या निखळलेल्या. "हे काय रेल्वे स्टेशन आहे का?" असं मीटिंगमध्ये मीच म्हणाले होते. मग मोबाइलवर फोटो दाखवले. वाफ्याच्या कडेनं जांभळ्या तुऱ्यांचं फाउंटन ग्रास झुलतंय आणि खाली मऊ हिरवा गालिचा. सगळ्यांना आवडलं. नर्सरीतून जांभळ्या गवताच्या साठ पिशव्या आल्या, उतारासाठी मेक्सिकन लॉनचे चौकोनी तुकडे आले. आमचे माळीमामा सायकल टेकवून बघत उभे होते. "पावसाच्या तोंडावर लावायचं ते पावसाच्या पोटात लावाय लागलाय की," एवढंच म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना नवीन काही नकोच असतं.

बेळगावचा जुलै तुम्हाला सांगायला नको. तीन दिवस झड लागली. उतारावरचे लॉनचे तुकडे मुळं धरायच्या आतच एकेक करून खाली घसरले आणि ग्रोटोच्या पायरीशी ओल्या गोधडीसारखे साठले. जांभळं गवत जागेवर राहिलं, पण त्याच्या बुडात पाणी साचलं. पंधरा दिवसांत ठोंब हातानं उचलला तर वरचा भाग हातात आणि मुळं कुजून खाली. वाफ्यातली तांबडी माती चिखल होऊन लायब्ररीच्या दारात आली. आता पाय कुठं पुसायचे, असं विचारणाऱ्या सगळ्यांना मी टाळत फिरत होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. जे थोडं लॉन सपाट जागेवर तगलं, ते एप्रिलमध्ये पिवळं पडायला लागलं. मी अर्ज लिहिला : रोज सकाळी अर्धा तास पाइप लावावा. अर्ज मंजूर झाला. त्याच महिन्यात होस्टेलची विहीर तळाला गेली आणि टँकर सुरू झाला. बादल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माझ्या रूममेटनं खिडकीतून तो पाइप बघितला आणि म्हणाली, "तुझ्या गवताची आंघोळ झाली. आमची कधी?" ती हसत म्हणाली होती. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या अर्जावर सही माझी होती.

तर प्रश्न असा आहे : वाफ्याच्या कडेला आणि मोकळ्या जमिनीवर आपण गवत लावतो ते कशासाठी? येत्या जूनमध्ये तो उतार पुन्हा लावायचा आहे, आणि यंदा पेव्हर ब्लॉक की पुन्हा गवत, यावर चर्चा चालू आहे. माझं मत गवताच्या बाजूनं आहे. फक्त ते मागच्या वर्षीचं गवत नको.

आधी कडेचं काम काय ते बघू. कड म्हणजे फ्रेम नव्हे. कडेला तीन कामं असतात. वाफ्यातली माती वाफ्यात ठेवायची, बाहेरचं तण आत येऊ द्यायचं नाही, आणि चालणाऱ्या पायाला 'इथून पुढं नको' हे न बोलता सांगायचं. विटा तिसरं काम करतात. पहिलं अर्धवट करतात, कारण जोराचं पाणी आलं की ते विटांच्या फटीतून वाट काढतं आणि वीटच मोकळी करतं. दाट गवताची रांग पाणी अडवत नाही, त्याचा वेग मोडते. पाणी पात्यांमधून गाळून पुढं जातं, माती मागं राहते. हे काम पानांइतकंच मुळांचं आहे. आणि मी निवडताना बघितले होते फक्त तुरे.

आमच्याच होस्टेलच्या स्वयंपाकघरामागं, जिथून भांड्यांचं सांडपाणी वाहतं, तिथं एक तीव्र उताराचा बांध आहे. त्यावर गवती चहाची लांबलचक रांग आहे. मामांनी काही वर्षांपूर्वी तीन फुटवे लावले होते, त्याची आता पंचवीस-तीस बेटं झालीत. गेल्या जुलैत आमचा उतार वाहून गेला तेव्हा त्या बांधाची माती जागची हलली नव्हती. कॅन्टीनचा चहा त्यातल्याच पातीचा असतो. तीन वर्षं तो चहा पिऊनही त्या रांगेला मी कधी 'बाग' म्हटलं नव्हतं, कारण ती मागच्या बाजूला होती. नंतर मी मामांना म्हटलं, "मामा, हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुम्ही इचारलासा कुठं?" मग थोडं थांबून माझ्या जांभळ्या गवताकडं बोट करून म्हणाले, "ते शोभंचं हाय, पोरी. धरायचं न्हवं."

शोभेचं आणि धरायचं. मला वाटतं, बागेबद्दल विचार करायला एवढे दोन शब्द पुरेत. शोभेला माझा विरोध नाही. पण उतारावर, पावसाच्या गावात, आधी धरणारं लावायचं आणि मग त्यातलं शोभणारं निवडायचं. मी उलटं केलं.

नंतर मी थोडा अभ्यास केला. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, आपण गवत विकत घेत नाही, नावं विकत घेतो. नर्सरीत ज्याला मेक्सिकन ग्रास म्हणतात ते बहुतेक वेळा झॉयसिया जातीचं असतं, आणि झॉयसियाचं मूळ घर मेक्सिको नसून पूर्व आणि आग्नेय आशिया आहे. क्रिकेटच्या मैदानावर जिला बर्म्युडा ग्रास म्हणतात ती आपली हरळी, गणपतीला वाहतात ती दूर्वा. तिचंही मूळ बर्म्युडा बेटावरचं नाही. कडेला लावायला म्हणून जे काळपट हिरवं 'मोंडो ग्रास' मिळतं ते तर गवतच नाही. ते शतावरीच्या कुळातलं, जपान-चीनकडचं झाड आहे, नुसतं गवतासारखं दिसतं. कुंडीतून लोंबणारा स्पायडर प्लांट मूळचा आफ्रिकेतला, पण तो आपल्या सफेद मुसळीच्या आणि पावसाळ्यात भाजी करतात त्या फोडशीच्या नात्यातला. म्हणजे काही वेळा आपण दुकानातून आणतो त्याचं भावंडं शेजारच्या डोंगरावर उगवलेलं असतं, आणि तिथं आपण त्याची भाजी करून खाल्लेली असते.

लॉनचंही तसंच. मऊ, कापलेलं, एकसारखं हिरवं लॉन ही वर्षभर भुरभुर पाऊस पडणाऱ्या देशांतली गोष्ट. इंग्लंडमध्ये आधी ते विळ्यानं किंवा मेंढ्यांकडून राखलं जायचं. १८३० मध्ये एडविन बडिंग या माणसानं गवत कापायचं यंत्र काढलं आणि मग मध्यमवर्गाच्या अंगणातही लॉन आलं. तिथं आकाश पाणी घालतं. आपल्याकडं चार महिने आभाळ फाटतं आणि आठ महिने कोरडं असतं. त्या आठ महिन्यांचं पाणी कुणाच्या तरी बादलीतून जातं. आमच्याकडं ते कुणाच्या बादलीतून गेलं ते मी वर सांगितलंच आहे.

पण 'परदेशी ते वाईट' असं मला म्हणायचं नाही. शोभेची गवतं बागेत आणायची जी आधुनिक कल्पना आहे, तिच्यामागं फार विचारी माणसं आहेत. जर्मनीत पॉट्सडॅमजवळच्या बोर्निमला कार्ल फोर्स्टर यांची नर्सरी होती. फुलझाडांच्या बागेत गवतांना मानाची जागा द्यायला हवी, असं त्यांनी विसाव्या शतकात लोकांना पटवलं. अलीकडचे डच बागरचनाकार पीट आउडॉल्फ यांनी न्यूयॉर्कमध्ये हाय लाइन नावाच्या उंच बागेची लागवड आखली. २००९ मध्ये तिचा पहिला टप्पा खुला झाला. ती बाग कशावर आहे माहीत आहे? बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर. गाड्या थांबल्यावर रुळांमध्ये आपोआप जे गवत उगवलं होतं, त्यावरूनच नवी लागवड सुचली. मी ज्याला 'रेल्वे स्टेशन' म्हणून हसले, तिथून जगातली एक गाजलेली बाग उभी राहिली. आउडॉल्फ यांच्या बागेकडून आपण हे शिकायचं की जागेत आधी काय उगवतंय ते बघा. आपण मात्र त्यांच्या फोटोतली झाडांची यादी उचलतो. कल्पना घ्यावी, यादी घेऊ नये.

यादी उचलण्यात आणखी एक धोका आहे. फाउंटन ग्रास मूळचं उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातलं. हवाई बेटांवर ते शोभेचं म्हणून गेलं आणि लाव्हाच्या मोकळ्या माळांवर पसरलं. वाळलं की भडकतं आणि जळून गेलं की इतरांच्या आधी पुन्हा फुटतं. युरोपीय संघानं २०१७ मध्ये त्याला घातक परक्या जातींच्या यादीत घातलं. दक्षिण अमेरिकेतल्या पांढऱ्या तुऱ्यांच्या पंपास ग्रासनं कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडमध्ये असाच उच्छाद मांडलाय. न्यायानं सांगायचं तर आम्ही लावलेल्या जांभळ्या प्रकाराला सहसा रुजणारं बी धरत नाही, त्यामुळं त्याच्याकडून तेवढी भीती नाही. कॉलेजच्या गेटजवळ, उन्हाच्या, पाणी न साचणाऱ्या कोपऱ्यात त्याचे पाच ठोंब अजून जगलेत आणि डिसेंबरच्या तिरप्या उन्हात ते सुंदर दिसतात. ते तिथंच राहू द्यावेत. झाड चुकीचं नव्हतं. मी त्याला चुकीच्या जागी, चुकीच्या महिन्यात लावलं.

मग धरणारं गवत कुठलं? माझं पहिलं मत वाळ्याला. माठात घालतो तो, ज्याचे पडदे उन्हाळ्यात दाराला लावतात तो वाळा. आपल्याला त्याची मुळंच माहीत असतात, कारण तो आपल्याला वाळलेल्या जुडीच्या रूपात दुकानात भेटतो. जमिनीत तो माणसाच्या उंचीचं, सरळ उभं गवत असतो. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दहा फूट आणि त्याहूनही खोल. त्यामुळं तो शेजारच्या वाफ्यातल्या झाडाचं अन्न फारसं पळवत नाही आणि आडवा सरकत आत घुसत नाही. लागवडीतला वाळा सहसा बियांनी पसरत नाही, फुटवे काढून लावले तरच वाढतो. एकदा धरला की उन्हाळ्यात पाइप मागत नाही. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी मातीची धूप थांबवायला वाळ्याच्या रांगा लावायचा प्रचार सुरू केला आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं त्यावर पुस्तकच काढलं. पण हे तज्ज्ञांना सुचायच्या कितीतरी आधीपासून आपल्याच कर्नाटकातल्या, म्हैसूरकडच्या गुंडलुपेट भागातले शेतकरी शेताच्या बांधांवर वाळा लावत होते. हे वाचलं तेव्हा मला मामांचं "इचारलासा कुठं?" पुन्हा ऐकू आलं.

एक गोष्ट मात्र आधी ठरवायला हवी. वाळ्याची मुळं महाग विकली जातात. बांधावर लावलेला वाळा मुळांसाठी खणला की बांधच सुटतो. त्यामुळं उतारावरचा वाळा धरायला, आणि विकायचा असेल तर तो वेगळ्या वाफ्यात. दोन्ही कामं एकाच झाडाकडून मागायची नाहीत.

दुसरं मत गवती चहाला. वाळ्याइतका खोल जात नाही, पण आपल्या कंबरेएवढ्या उतारांना पुरेसा आहे. दीड-दोन फुटांवर एकेक फुटवा लावला तर दुसऱ्या पावसाळ्यात रांग भरून येते. कापला की वाढतो. सगळ्याच गवतांचं हे वैशिष्ट्य. त्यांचा वाढीचा कोंब बुडाशी असतो, शेंड्याला नाही, म्हणून गाईनं खाल्लं, विळ्यानं कापलं तरी ती पुन्हा उभी राहतात. आणि वाफ्याच्या कडेचं पीक रोज कॅन्टीनच्या पातेल्यात जाणार असेल तर ती कड वेळच्या वेळी कापलीही जाते, मुद्दाम माणूस लावावा लागत नाही.

आंब्याखाली, लायब्ररीच्या उत्तरेला, जिथं ऊन येत नाही, तिथं वाळाही चालणार नाही आणि गवती चहाही रुसेल. तिथं ते खोटं गवत, मोंडो, खुशाल लावावं. सावलीत ते उत्तम तगतं, बोटभर उंच राहतं, वर्षानुवर्षं कापावं लागत नाही. गवताचं नाव खोटं असलं तरी काम खरं आहे.

आणि मोकळ्या सपाट जागेवर? तिथं हरळी. ती तिथं आहेच. आम्ही ती मजूर लावून खणून काढली आणि तिच्या जागी लॉन विकत आणलं, एवढा आमचा शहाणपणा! हरळी उन्हाळ्यात वाळून तपकिरी होते, मेल्यासारखी दिसते आणि पहिल्या वळवानं आठवड्यात हिरवी होते. एप्रिलमध्ये जमीन तपकिरी दिसली तर आपल्याला लाज वाटायचं कारण काय? बेळगावजवळचा प्रत्येक माळ तेव्हा तपकिरीच असतो. त्या रंगाची लाज आपल्याला फोटोंनी शिकवली आहे.

आता आक्षेप. मीटिंगमध्ये जे निघाले तेच घेते.

पहिला : "देशीच लावायचं तर मग कडेलाही हरळी का नको?" कारण हरळी जमिनीखालून आणि वरून, दोन्हीकडून सरकते. फुलांच्या वाफ्यात शिरली की खुरपून खुरपून माणूस थकतो. शेतकऱ्यांच्या तोंडी हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही नावं एका दमात येतात, आणि कौतुकानं येत नाहीत. पुरात झाडं जातात आणि लव्हाळा वाचतो, हा तुकोबांचा दाखला आपण शाळेपासून नम्रतेचा धडा म्हणून वाचतो. माळीकाम केलेल्या माणसाला विचारा, लव्हाळा खुरप्यातूनही वाचतो. देशी असणं पुरेसं नाही, जागा बरोबर हवी. माळावरची कुसळी ऑक्टोबरात सोन्यासारखी दिसते, पण ती चालायच्या वाटेला लावली तर साऱ्या कॉलेजचे मोजे तिच्या कुसळांनी भरतील.

दुसरा : "उंच गवतात साप येतात." ही भीती खोटी नाही, विशेषतः होस्टेलच्या मुलींना हसून उडवण्यासारखी तर मुळीच नाही. पण साप उंदरांमागं येतो आणि उंदीर आपण टाकलेल्या खरकट्यामागं. रांग गुडघ्याएवढी कापलेली ठेवावी, बुडातली वाळकी पाती काढावीत, वर्गांच्या आणि होस्टेलच्या दारांपासून ती लांब ठेवावी आणि दाराजवळ फक्त बुटकं मोंडो लावावं. आणि कॅन्टीनमागचा कचरा रोज उचलावा. तो गवत नसलं तरी उचलायलाच हवा.

तिसरा : "पेव्हर ब्लॉक एकदाच घातले की झंझट नाही." हा आक्षेप सगळ्यांत जोरात आहे, कारण तो बजेटच्या भाषेत येतो. पण ब्लॉकवर पडलेलं पाणी जमिनीत फारसं जिरत नाही, ते वेगानं खाली येतं, आणि आपल्या उताराच्या खाली ग्रोटो आहे आणि त्याच्या पलीकडं तीच होस्टेलची विहीर. जूनमध्ये जे पाणी आपण पळवून लावू, ते एप्रिलमध्ये टँकरमधून विकत आणू. प्लास्टिकच्या हिरव्या चटईबद्दल मी बोलतच नाही. दुपारी तिच्यावर अनवाणी एक फेरी मारून बघा.

चौथा आक्षेप कुणी मोठ्यानं घेतला नाही, पण तो होता : "गवती चहा आणि वाळा म्हणजे परसदारचं. पुढच्या दारी काहीतरी चांगलं हवं." खरं सांगायचं तर माझंही मत हेच होतं. परसातलं ते कामाचं, पुढचं ते दाखवायचं. कामाचं करणारे मामा, दाखवायचं निवडणारी मी. माझ्या मागच्या वर्षीच्या चुकीत सगळ्यांत मोठी चूक पावसाचा अंदाज नव्हता, ही वाटणी होती.

आपण गवताला एवढं कमी लेखतो, आणि आपल्या गावाचं जुनं नाव वेणुग्राम. वेणू म्हणजे वेळू, आणि वेळू हेही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं गवतच. भात, ज्वारी, नाचणी, ऊस ही सगळी त्याच कुळातली. म्हणजे आपण ज्या गावात राहतो त्याला नाव गवताचं आहे आणि ताटात येते ती बेळगावी बासमतीही गवताचीच.

माझी पहिली 'लागवड'ही गवताचीच होती. नाताळच्या गोठ्यासाठी आमच्याकडं दहा-बारा दिवस आधी थाळ्यात माती घालून नाचणी पेरतात. चोवीस डिसेंबरच्या रात्री ती बोटभर हिरवी झालेली असते आणि तिच्यात मेंढपाळ आणि मेंढरं उभी करतात. शेजारच्या काकूंकडं नवरात्रात घटाभोवती धान्य रुजत घालायचे, ते बघून मी लहानपणी म्हणायचे, यांचा नाताळ आधी येतो. थाळा उन्हात ठेवायचं आणि पाणी शिंपडायचं काम माझ्याकडं असायचं. आजी ओरडायची, "पाणी बेताचं गं, कुजंल." वीस वर्षांची होऊन मी साठ ठोंब कुजवले!

आजीचं घर खानापूरकडं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या मिस्सेला जे स्तोत्र वाचलं, त्यात माणसाच्या आयुष्याला गवताची उपमा आहे, आज आहे उद्या नाही अशी. मी तेव्हा ती तशीच ऐकली. पण तिच्या मागच्या दाराशी जो गवती चहा आहे तो तिनं माहेराहून आणलेल्या फुटव्याचा. गवती चहाला सहसा फुलं येत नाहीत, बी धरत नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात फुटव्यानंच जातो. म्हणजे आज तिथं जो आहे तो तिच्या आईच्या परसातलाच, तोच, नुसता जागा बदलत आलेला. पातं दोन दिवसांत वाळतं हे खरं. बेट वाळत नाही, जोवर कुणीतरी ते फोडून दुसऱ्याला देतंय.

म्हणून माझा प्रस्ताव अगदी साधा आहे. उताराच्या वरच्या बाजूला, आडवी, वाळ्याची एक सलग रांग, फुटवे वीतभराच्याही आत लावलेले, कारण फट राहिली की पाणी तिथूनच फुटतं. वाफ्यांच्या कडांना गवती चहा. सावलीत मोंडो. मधल्या सपाट जागेवर हरळी जशी येईल तशी. जुन्या विटा फेकू नयेत, पहिल्या पावसाळ्यात रोपांना आधार म्हणून खालच्या बाजूनं त्याच पुराव्यात. लागवड मृगाच्या पहिल्या पावसानंतर लगेच, जुलैची वाट न बघता. पहिला उन्हाळा थोडं पाणी लागेल. ते भांडी धुतलेल्या पाण्याचं असावं, पिण्याच्या पाण्याचं नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : आराखडा ठरवायच्या मीटिंगला माळीमामांना बोलवावं, खुर्चीवर बसवावं आणि आधी त्यांना बोलू द्यावं.

खर्च? वाळ्याची रोपं तेवढी विकत आणावी लागतील. गवती चहाचे फुटवे मागच्या बांधावर हवे तेवढे आहेत. मामा म्हणाले, बेटं आता दाट झालीत, फोडायलाच हवीत, नाहीतर मधून वाळतात.

मी तर जूनमध्ये इथं नसेन, परीक्षा संपली की माझं होस्टेल सुटेल. पण पाऊस पडल्यावरच्या पहिल्या शनिवारी मी येणार आहे, असं मामांना सांगून ठेवलंय. आजीच्या दारातले दहा फुटवे घेऊन. पाती हात कापतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालून या. कुदळ दोनच आहेत. घरून खुरपं आणता आलं तर बरं.